भिंतीपलीकडचा इलेक्ट्रॉन

तापी नदीवर काकरापार येथे बंधारा आहे. त्याच्या डाव्या कालव्याने बारडोलीच्या परिसरातील उसाच्या मळ्यांना पाणी मिळते. बंधाऱ्याच्या माथ्याएवढे चढल्यावाचून पाणी भिंतीवरून वाहत नाही, हे तेथील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. अणूच्या सृष्टीत मात्र हा रोजचा नियम चालत नाही.

हायड्रोजन हा सर्वांत साधा अणू. मध्ये एक प्रोटॉन आणि त्याच्या आकर्षणाने बांधलेला एकच इलेक्ट्रॉन. त्याला मुक्त करण्यास १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. अवरक्त लेसरच्या एका प्रकाशकणापाशी ती जेमतेम दीड असते. एकट्या प्रकाशकणाच्या हातून हे काम होणारे नव्हे. परंतु १९६० साली लेसर अवतरला आणि पुढील काही दशकांत त्याचा प्रकाश इतका एकवटता येऊ लागला, की त्याचे विद्युत्क्षेत्र अणूच्या आंतरिक क्षेत्राशी झुंजू शकले. असे क्षेत्र आकर्षणाची भिंत एका बाजूने वाकविते, पातळ करते. मग इलेक्ट्रॉन भिंत न चढता तिच्यातूनच जणू पाझरून बाहेर पडतो. रशियन शास्त्रज्ञ केल्डिश यांनी १९६४ साली या क्रियेचे गणित मांडले.

या पाझरण्यास काही काळ लागतो काय? प्रश्न दिसतो साधा. पण भौतिकशास्त्रज्ञांत त्यावरून मोठा वाद झाला. मोजमापासाठी घड्याळही प्रकाशाचेच घेतले गेले. वर्तुळाकार फिरणाऱ्या लेसर-स्पंदाचे क्षेत्र सुमारे अडीच फेम्टोसेकंदांत एक फेरा पुरा करते. इलेक्ट्रॉन कोणत्या दिशेला उडाला यावरून त्याच्या सुटकेचा क्षण कळतो. दिशेतील एका अंशाचा फरक म्हणजे सुमारे सात अॅटोसेकंद. आणि अॅटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा अब्जांश!

हेलियमवरील प्रयोगांतून एकमुखी उत्तर मिळाले नाही. तेथे इलेक्ट्रॉन दोन. एकाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम गणितात नेमका बसविणे अवघड. हायड्रोजनमध्ये ही अडचण नाही. त्याचे गणित पुरतेपणी करता येते. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी हायड्रोजनवर हा प्रयोग केला आणि २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: पाझरण्यास काळ लागत असलाच, तर तो १.८ अॅटोसेकंदांहून अधिक नाही.

वाद मात्र येथे मिटला नाही. पुढच्याच वर्षी टोरांटो येथे रुबिडियमचे अतिशीत अणू प्रकाशाच्याच भिंतीतून पाठविले गेले. त्यांनी भिंतीत सुमारे ०.६ मिलिसेकंद काढल्याचे आढळले. तेथे भिंत पार करीत होता तो अख्खा अणू, आणि घड्याळही निराळ्या जातीचे. तेव्हा 'काळ लागणे' म्हणजे नेमके काय, हेच आधी ठरवावे लागते.

तीव्र लेसर-स्पंदांनी मोकळ्या केलेल्या इलेक्ट्रॉनांचा अभ्यास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही झाला आहे. तेथील जी. रवींद्र कुमार यांना २०१५ चे इन्फोसिस पारितोषिक मिळाले. २०२३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक अॅटोसेकंद स्पंदांच्या निर्मितीबद्दल अगोस्तिनी, क्राउझ व लुइलिए या तिघांना लाभले.

पाणी कालव्यापर्यंत पोचण्यास किती वेळ लागतो, हे बारडोलीचा शेतकरी सांगू शकेल. एका इलेक्ट्रॉनाविषयी तोच प्रश्न विचारला, तर विज्ञानाला आधी 'वेळ' या शब्दाचा अर्थ तपासावा लागतो.