मुंबईचे मंडळ आणि गावची गावकी
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



कोकणातील देवळाचा पाया गावात असला, तरी कळसाचा खर्च पुष्कळदा मुंबईतून येतो. गिरण्यांच्या काळात एका गावची माणसे परळ-लालबागला मिळून एक खोली घेत. दिवसपाळीचा उठून गेला की त्याच जागी रातपाळीचा आडवा होई. अशा खोल्यांतूनच ग्रामस्थ मंडळे उभी राहिली. दरमहा वर्गणी काढावयाची, आजाऱ्याचे औषधपाणी, मयताची क्रिया, गावाहून आलेल्या पोराची सोय पाहावयाची आणि शिलकेतून गावची शाळा, विहीर, देऊळ उभे करावयाचे, ही मंडळाची रीत.

गावकीची रीत निराळी. तिच्यापाशी पैसा थोडा, हात जास्त. वाडीवार निरोप जातो, घरटी वर्गणी ठरते, दगड-वाळू श्रमदानाने वाहिली जाते. तेथे कागदापेक्षा सभामंडपात दिलेल्या शब्दाला मान असतो.

दोन्ही रीती चांगल्या, परंतु भांडण होते ते सांध्यावर. मंडळ म्हणते, पैसा आमचा. गावकी म्हणते, रोजची दिवाबत्ती आमची. १९८२ साली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपात उतरले. मनिऑर्डरी आटल्या आणि पुष्कळजण गावी परतले. काल ज्यांनी पैसा धाडला, त्यांना गावच्या भाकरीचा आधार घ्यावा लागला. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे कायमचे ठरलेले नसते.

म्हणून सांधा जोडावयाचा तो चोख हिशेबाने. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये देवस्थानची नोंदणी व जमाखर्च ठेवणे आवश्यक आहे. विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयास कळवावे लागते. मयत विश्वस्तांची नावे दप्तरी तशीच राहिली, तर पुढे व्यवहार अडतात आणि तंटे वाढतात. रुपयाचीही देणगी पावतीविना घेऊ नये. हिशेब देवळात लावावा, एक नक्कल मुंबईस धाडावी. श्रमदानाचे दिवसही वहीत मांडावेत. देणगीदाराचे नाव फरशीवर कोरले जाते. डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या मायबहिणीचे निदान वहीत तरी असावे.

कळस चढला. पाहुणे उद्या मुंबईस परततील, सांजवात लावणारे हात येथेच राहतील. दोघांचा एकमेकांवरील विश्वास अभंग राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.