शाळेची बाग आणि आपोआप उगवणारा तेरडा
(केंद्रशाळेत भरलेल्या शिक्षक-संमेलनात केलेले भाषण)



शाळेच्या बागेविषयी बोलावे, अशी मला आज्ञा झाली आहे. या विषयावर आपण पुष्कळ ऐकलेले आहे. वाफे कसे आखावेत, खत किती घालावे, पाण्याच्या पाळ्या मुलांना कशा वाटून द्याव्यात, हे सर्व आपणांस ठाऊक आहे. तरीही आपल्यापैकी बहुतेकांच्या शाळांतील बागा मे महिन्यात वाळून जातात आणि जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. याचा दोष मी शिक्षकांना देत नाही. सुटीत शाळेला कुलूप असते, विहीर आटलेली असते; मग पाणी घालावयाचे कोणी आणि कोठून? म्हणून आपण सुटीत जगवावी लागणारी झाडे न लावता, सुटीत मातीत बी होऊन निजणारी व पावसाबरोबर आपली आपण उठणारी झाडे लावावीत, एवढेच मला सांगावयाचे आहे.

अशा झाडांत पहिला मान मी तेरड्याला देतो. तेरडा मूळचा याच बाजूचा, भारताचा आणि आग्नेय आशियाचा. आपला पाऊस व आपला उन्हाळा त्याच्या अंगवळणी पडलेला आहे. मृगाच्या सरींनी जमीन भिजली की त्याचे बी आठवडाभरात रुजते, सुमारे दोन महिन्यांत फुले येतात, आणि भाद्रपद-आश्विनात बोंडे पिकतात. पुढे झाड मरते. मरू द्यावे. त्याने आपले काम केलेले असते.

ते काम तो कसा करतो हे मुलांना अवश्य दाखवावे. पिकत आलेले बोंड फुगते, किंचित पिवळसर होते. त्याच्या पाच फाकांत मोठा ताण साठलेला असतो. बोटाचा नुसता स्पर्श झाला, की फाका एकदम आत गुंडाळल्या जातात आणि बारीक तपकिरी-काळे बी चहूकडे उडते. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने या कुळाला जे लॅटिन नाव दिले, त्याचा अर्थच मुळी 'उतावीळ' असा आहे. १७५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात तेरड्याची नोंद आहे. आपल्या मुलांना लॅटिन नाव पाठ करावयास लावू नये. बोंड फोडावयास द्यावे. मात्र सगळी बोंडे पहिल्याच दिवशी फुटणार नाहीत याची व्यवस्था आपण करावी, नाहीतर मधल्या सुटीत सर्व कच्ची बोंडे संपतात!

युरोपातील थंड मुलखात व्हायोला नावाचे जे लहानसे फूल बागेत ठेवतात, तेही असेच बी उडवून वर्षानुवर्षे टिकते. मागे एका भगिनीने त्या बियाण्याचे सुंदर चित्राचे पाकीट आणून मला विचारले होते, की हे शाळेत लावावे काय? हिवाळ्यात कुंडीत लावले तर फुलेल. परंतु चैत्राचे ऊन लागताच आपल्याकडे ते संपते. ज्याची हवा त्याचे फूल.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो, कारण या विषयाचे मर्म तीतच आहे.

नोकरीच्या चौथ्या वर्षी मी एका लहान गावी होतो. आदल्या वर्षी कुंपणालगत तेरडा छान फुलला होता. जूनअखेर शाळा-तपासणीचा दिवस आला आणि अंगण स्वच्छ दिसावे म्हणून मी मुलांना सर्व गवत उपटावयास सांगितले. चौथीतील एक मुलगी खाली बसली, पण उपटीना. मी विचारले तेव्हा म्हणाली, "गुरुजी, हे गवत नाही. हा तेरडा आहे." मला घाई होती. मी वाकून पाहिलेदेखील नाही. "शहाणपणा पुरे, सांगितले ते कर," असे म्हणालो. तिने उपटले. अंगण स्वच्छ झाले, शेराही चांगला मिळाला. त्या श्रावणात कुंपणालगत एकही फूल आले नाही, तेव्हा काय झाले ते मला कळले.

त्या मुलीला रोप ओळखता आले याचे कारण साधे होते. तिच्या घरच्या परसात तेरडा दरवर्षी आपोआप येत असे, आणि गौरीसाठी तो आणण्याचे काम तिचेच होते. तिच्या ठिकाणी जे ज्ञान होते ते माझ्यापाशी नव्हते, आणि मी तिला गप्प केले. आश्विनात मी बी मागावयास तिच्या घरी गेलो. तिच्या आईने कागदाची पुडी बांधून दिली. मुलगी दाराशी उभी होती, पण काही बोलली नाही. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या शाळेत गेली.

म्हणून माझी विनंती अशी, की पहिल्या पावसानंतर तीन आठवडे तेरड्याच्या जागी खुरपे चालवू नये. ती जागा दगड मांडून आखून ठेवावी. रोपाची पहिली दोन पाने गोलसर व जाडसर असतात; नंतरची पाने लांबट, दातेरी येतात. दांडी पाणीदार, जवळजवळ काचेसारखी दिसते. दांडीचा रंगही पाहावा. तांबड्या फुलांच्या झाडाची दांडी बहुधा लालसर, तर पांढऱ्याची फिकट हिरवी असते. फूल येण्यापूर्वीच मुलांनी रंग सांगावा, वहीत लिहावा आणि श्रावणात ताडून पाहावा. परिसर अभ्यासाचा याहून सोपा पाठ मला माहीत नाही.

रोपे दाट आली तर एकेका वितीवर एक ठेवून बाकीची पावसाळी दिवशी दुसरीकडे लावावीत. पाणी साचणारी जागा टाळावी, दांडी कुजते. कोकणात तेरड्याचीच रोपे मुळांसह आणून गौर म्हणून पुजतात. गावकरी शाळेत मागावयास आले तर जरूर द्यावीत, परंतु दहा-बारा झाडे बियांसाठी राखावीत. परतीच्या पावसात काही बी लगेच उगवते आणि पुढे पाण्यावाचून मरते. त्याची काळजी नको, मातीत पुष्कळ उरते. खरी हानी खराट्याने आणि आगीने होते. त्या जागी पालापाचोळा पेटवू नये, आणि उन्हाळ्यात जमीन खोल खणू नये. खोल गाडले गेलेले बारीक बी वर येत नाही.

गुलबाक्षीही अशीच टिकाऊ. ती अमेरिका खंडातून आली, दिवस कलता फुलते, आणि जमिनीतील गड्ड्यावरही पुन्हा फुटते. परंतु तिचे बी हुबेहूब मिऱ्यासारखे दिसते आणि ते विषारी आहे. जेथे बालवाडीची मुले खेळतात तेथे मी ती लावीत नाही. झेंडू घरच्या बियाण्याचा घ्यावा. संकरित पाकिटातील झेंडूची पुढची पिढी मूळ झाडासारखी निघत नाही.

आणखी एक सावधगिरी. आपोआप उगवणारे प्रत्येक फूल चांगले, असे नव्हे. मेक्सिकोहून आलेला पिवळा-नारिंगी कॉसमॉस हौसेने लावला गेला आणि आता पुणे-सातारा भागात रस्त्यांच्या कडेने व डोंगरउतारांवर रानोमाळ पसरला आहे. ज्या कास पठाराचा २०१२ साली जागतिक वारशात समावेश झाला, तेथे आपल्याच रानतेरड्याच्या जाती पावसाळ्यात फुलतात. डोंगराजवळच्या शाळांनी कॉसमॉसच्या मोहात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या शाळेतील मुलांनी या वर्षीच्या तेरड्याचे बी पुड्यांत बांधून दिले आहे. पुड्या मागील टेबलावर आहेत; प्रत्येक शाळेने एक न्यावी. ती कोरड्या डब्यात ठेवून मृगाच्या पावसानंतर, मूठभर बारीक मातीत मिसळून पेरावी. पुड्यांवर फुलांचा रंग मुद्दामच लिहिलेला नाही.