कलम शोधण्याची सोपी वाट
(ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गाव आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. २००९ साली या गावास सामूहिक वनहक्क मिळाला; तथापि बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडण्यास २०११ साल उजाडावे लागले. वाद एका शब्दाचा होता. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'वृक्ष' या शब्दात बांबूचा समावेश होता. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या दुसऱ्या कलमाने मात्र बांबूस गौण वनोपजात स्थान दिले. योग्य कलम वेळीच हाती असणे ही केवढी शक्ती आहे, हे यावरून ध्यानात यावे.

असे कलम आज पंचायतीच्या संगणकावरून शोधता येते. परंतु सर्वसाधारण शोधयंत्रात शब्द टाकला, की बातम्या व जाहिराती यांच्या गर्दीत मूळ कागद हरवतो. यास उपाय एकच : आपल्या कामाची ठिकाणे ब्राउझरला शिकवून ठेवावीत.

कोणत्याही उपयुक्त संकेतस्थळावर 'मोह' हा शब्द शोधा आणि वरची पत्त्याची ओळ पाहा. पुष्कळदा शोधलेला शब्द तेथेच दिसतो. पत्त्याची नक्कल केल्यास त्या जागी टक्केचिन्हांचे नऊ गट येतात. त्याने गोंधळू नये. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह अशा तीन गटांनी लिहिले जाते. तेवढा भाग काढून तेथे टक्केचिन्ह व त्यास जोडून इंग्रजी लहान 'एस' ठेवला, की साचा तयार झाला. फायरफॉक्समध्ये तो वाचनखूण म्हणून जतन करून त्यास खुणेचा छोटा शब्द द्यावा. पुढे पत्त्याच्या ओळीत ती खूण व हवा तो शब्द लिहिताच शोध थेट त्याच ठिकाणी होतो. पत्त्यात शब्द उमटत नसेल, तेथे ही युक्ती चालत नाही.

दहापंधरा ठिकाणांसाठी, प्रत्येक संगणकावर, हे हाताने करणे कष्टाचे आहे. येथे पायथनमधील लहानशी आज्ञावली कामास येते. कायदे, शासन निर्णय, मराठी विश्वकोश अशा ठिकाणांची यादी करावी. प्रत्येक ओळीत नाव, खूण व साचा असावा. आज्ञावली ती यादी वाचून वाचनखुणांची एकच फाईल तयार करते. ती फाईल तालुक्यातील कोणत्याही संगणकावर फायरफॉक्समध्ये घेता येते. एखादा पत्ता बदलला, तर यादीतील एक ओळ दुरुस्त करून नवी फाईल काढावी.

दोन गोष्टींची मात्र सावधगिरी हवी. 'वनहक्क' व 'वन हक्क' ही यंत्राच्या लेखी भिन्न रूपे ठरू शकतात. म्हणून दोन्ही शोधावीत. तसेच छायाप्रतीच्या रूपात ठेवलेला आदेश शब्दाने सापडेलच असे नाही; त्याचा पत्ता यादीत स्वतंत्रपणे नोंदवावा.

आज्ञावली लिहिणारा तरुण आज सहज भेटेल. परंतु कोणते कागद गावाच्या कामाचे, हे ग्रामसभेलाच ठाऊक असते. म्हणून यादी प्रथम तेथे वाचली जावी, एवढीच विनंती.