अतिदक्षता विभागाच्या दारात
(पालक मेळाव्यातील भाषण)



आजाऱ्याच्या भेटीस जाणे आपल्याकडे सवाबाचे काम मानले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु अतिदक्षता विभागाच्या दारात आपण दहा-पंधरा जण गर्दी करतो, आत सोडत नाहीत म्हणून नर्सबाईंशी हुज्जत घालतो, तेव्हा एक गोष्ट विसरतो. आतल्या रुग्णाच्या घशात श्वासाची नळी असते, शिरेत सुई असते, लघवीसाठी नळी असते. जंतूंना शरीरात शिरायला हे उघडे दरवाजेच! आणि जंतू पुष्कळदा माणसाच्या हातांवरून तेथे पोहोचतात.

१८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. दिवसातून पाच वेळा वुजू करणाऱ्या समाजाला हे वेगळे पटवून द्यावे लागू नये.

दुसरी गोष्ट औषधांची. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच बजावले होते की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. आज अतिदक्षता विभागातील क्लेबसिएलासारखे काही जंतू कार्बापेनेम या राखीव औषधांनाही दाद देत नाहीत. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंनी २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार बळी घेतले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

तेव्हा पालकहो, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून अँटिबायोटिक घेऊ नका, साध्या सर्दीपडशावर ते मागू नका आणि दिलेले मनाने मध्येच सोडू नका. भेटीला एकानेच, हात धुऊन आत जावे. बाकीच्यांनी घरी बसून दुआ करावी. तीही कबूल होते.