पॅकअपनंतरचे तास

मला दिलेला विषय आहे 'कलाक्षेत्रातल्या माणसांचं मानसिक आरोग्य'. विषय अफाट आणि वेळ दहा मिनिटांचा. प्रसिद्धीचा ताण, समाजमाध्यमांवरची हेटाळणी, व्यसनं यांवर तुम्ही पुष्कळ ऐकलेलं आहे. मी आज एकच गोष्ट सांगायला आले आहे आणि ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे. पॅकअप झाल्यापासून, म्हणजे दिवसाचं चित्रीकरण संपल्यापासून, दुसऱ्या दिवशीच्या कॉलटाइमपर्यंत, म्हणजे सेटवर हजर व्हायच्या वेळेपर्यंत, माणसाच्या हाती किती तास उरतात, ते मोजा.

मी समुपदेशनाचं काम करते, मुंबईच्या पश्चिम उपनगरात. गोरेगावची चित्रनगरी, मढचे बंगले जवळ, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्यांत मालिकांची माणसं बरीच असतात. पडद्यावर दिसणारी थोडी, न दिसणारी जास्त. संवादलेखक, सहायक दिग्दर्शक, संकलक, ड्रेसदादा, मेकअप करणाऱ्या मुली. येतात तेव्हा म्हणतात, काही सुचत नाही. उगाच डोळ्यांत पाणी येतं. घरी मुलावर हात उगारला गेला. छातीत धडधडलं म्हणून ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. मग ती आपल्या लहानपणाबद्दल सांगू लागतात. मी ऐकते, सगळं ऐकते. पण त्याआधी विचारते : काल पॅकअप किती वाजता झालं? आज कॉल किती वाजताचा होता?

उत्तर बहुतेक वेळा असं येतं. शिफ्ट सकाळी सातची, बारा तासांची. सातला सुटायचं ते 'एवढा एक सीन उरकून घेऊ' म्हणता म्हणता रात्रीचे साडेनऊ होतात. माणूस राहायला बदलापूरला. चित्रनगरीतून रिक्षा, गोरेगावहून लोकल, दादरला गाडी बदलायची, घरी पोचेपर्यंत बारा वाजून जातात. दोन घास, आंघोळ, की झाला एक. दुसऱ्या दिवशी पुन्हा सातचा कॉल, म्हणजे साडेचारला घर सोडायचं. आता मोजा. झोप तीन-साडेतीन तास. प्रौढ माणसाला सात तास तरी झोप हवी. म्हणजे अर्धी सोमवारी गेली, अर्धी मंगळवारी गेली, आणि गुरुवारी हा माणूस माझ्यासमोर बसून विचारतो, 'मॅडम, मी कमकुवत आहे का हो?'

नाही रे बाबा. तू झोपलेला नाहीस.

घरात कुणी दही लावत असेल तर त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. दूध तापवलं, कोमट होऊ दिलं, चमचाभर विरजण घातलं, ढवळलं, झाकण ठेवलं. यानंतर आपलं काम एकच, भांड्याला हात न लावणं. दर तासाला झाकण काढून, लागलं का, लागलं का म्हणत भांडं हलवलं तर दही नीट लागत नाही, पाणी सुटतं. दूध चांगलं होतं, विरजणही चांगलं होतं, निवांतपणा तेवढा मिळाला नाही. लेखकाने दिवसा जे वाचलं, नटाने जे पाठ केलं, संकलकाने जे शंभर वेळा पाहिलं, ते झोपेत मुरतं. आठवणी पक्क्या होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. ते तास काढून घेतले तर दुसऱ्या दिवशी त्याच माणसाकडून पाणचट सीन येतो, आणि मग त्यालाच ऐकवलं जातं की तुझ्यात पूर्वीची मजा राहिली नाही.

विरजणाची दुसरीही एक गोष्ट आहे. दही कितीही आवडलं तरी सगळं वाढून टाकत नाहीत, उद्यासाठी चमचाभर बाजूला ठेवतात. आजच्या एपिसोडसाठी माणसाचा तो शेवटचा चमचाही काढून घेतला, तर उद्या नुसतं दूध घेऊन बसाल. शेजारून आणू म्हणाल, तर शेजारच्या सेटवरचं भांडंही तसंच खरवडलेलं असतं.

हे होतं कसं, तेही सांगते, कारण यात कुणी एक दुष्ट माणूस नसतो. मालिका आठवड्यातून सहा दिवस दिसते. रोज बावीस-तेवीस मिनिटांचं चित्रण हवं. सुरुवातीला काही भाग आधीच तयार असतात, त्याला सेटवर 'बँक' म्हणतात. मग कुणी आजारी पडतं, पावसाने एक दिवस जातो, गुरुवारी टीआरपी येतो, वाहिनी म्हणते ट्रॅक बदला. लिहून झालेलं रद्द होतं. बँक संपते. मग लेखक रात्री लिहितो, कलाकार मेकअपच्या खुर्चीत असताना सीनचा कागद हातात पडतो, संध्याकाळी चित्रित झालेलं रात्री संकलनाला जातं आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी दिसतं. या साखळीत प्रत्येक जण आपल्याला हवा असलेला वेळ पुढच्याच्या झोपेतून घेतो. वाहिनी निर्मात्याकडून, निर्माता दिग्दर्शकाकडून, दिग्दर्शक युनिटकडून. सर्वांत शेवटी स्पॉटदादा. सगळ्यांच्या आधी तो सेटवर येतो आणि सगळ्यांच्या नंतर निघतो. त्याला कुणाकडून घेता येत नाही.

हे बोलले की एक ठरलेलं उत्तर मिळतं. आमच्या रंगभूमीची परंपरा वेगळी आहे, इथे कलेसाठी सर्वस्व देतात. आणि दाखला बालगंधर्वांचा. १२ मार्च १९११, मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी त्यांचं मूल गेलं, आणि ते भामिनीच्या भूमिकेत उभे राहिले. या माणसापुढे मी हात जोडते. पण त्या एका दिवसाचा नियम करून तो रोजंदारीवरच्या मुलीला रात्री दोन वाजता ऐकवायचा, हे बालगंधर्वांवरही अन्यायाचं आहे. जुन्या नाटक मंडळ्यांत माणसं कंपनीच्या बिऱ्हाडी राहायची, पंगतीला एकत्र जेवायची. नाटकं रात्र रात्र चालत, पण प्रयोग संपला की अंथरूण जवळ असे. बदलापूरची लोकल पकडायची नसे. परंपरा सांगायची तर ही बाजूही सांगा.

आजच्या नाटकाच्या दौऱ्यांतही झोपेची तीच ओढाताण. एका गावी रात्रीचा प्रयोग, रातोरात बस, दुसऱ्या गावी दुपारचा प्रयोग. नट बसमध्ये डुलकी तरी काढतो, बॅकस्टेजवाले पोचल्याबरोबर नेपथ्य उतरवायला लागतात. आणि बस चालवणारा? त्याचं पॅकअप कधी झालं होतं, हे किती निर्मात्यांना माहीत असतं?

इथे दोन आकडे सांगते, ते मात्र लक्षात ठेवा. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो. २४ तास जागरण झालं तर जवळपास ०.१० टक्क्यांइतका. हे प्रयोगांतून दिसून आलेलं आहे. आणि आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. दारू पिऊन आलेल्या माणसाला आपण दिव्यांच्या शिडीवर चढू देणार नाही. सतरा तास जागलेल्याला मात्र 'भले शाब्बास' म्हणून चढवतो.

अमेरिकेत १९९७ साली 'प्लेझंटव्हिल' या चित्रपटाच्या युनिटमधला एक तरुण सहायक कॅमेरामन १९ तासांचं काम संपवून गाडीने घरी निघाला आणि वाटेत झोप लागून अपघातात गेला. हॅस्केल वेक्सलर हे दोनदा ऑस्कर मिळवलेले छायालेखक. ते या घटनेने पेटून उठले. त्यांनी पुढे 'हू नीड्स स्लीप?' नावाचा माहितीपट केला, २००६ मध्ये. मागणी साधी होती : बारा तास काम, बारा तास सुट्टी. वय झालेला, मानमरातब मिळालेला माणूस याच एका गोष्टीच्या मागे लागला, कारण बाकीचे सगळे 'चालायचंच' म्हणत होते.

झोप आणि मन यांचं नातं दोन्ही बाजूंनी चालतं, हेही ध्यानात घ्या. उदास माणसाला झोप लागत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. पण झोप तुटत राहिली की नैराश्याची शक्यता वाढते, हे विसरलं जातं. आणि काही माणसांमध्ये, ज्यांना बायपोलर आजार आहे किंवा व्हायचा आहे, सलग जागरणांमुळे उन्माद उसळून येतो. कलाक्षेत्रात तो ओळखायला फार कठीण. मुलगा तीन रात्री झोपलेला नाही, धाडधाड लिहितोय, एकामागून एक कल्पना मांडतोय, आणि सगळं युनिट म्हणतंय, काय फॉर्मात आहे! घरच्यांनाही अभिमान वाटतो. मी कळकळीने सांगते, तीन रात्री न झोपता ताजातवाना दिसणारा माणूस फॉर्मात आहे असं धरून चालू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. कौतुक नंतर करता येईल.

आपल्याकडे या विषयाची जाण नाही असं नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'देवराई'त स्किझोफ्रेनिया दाखवला, 'कासव'मध्ये नैराश्य दाखवलं, आणि 'कासव'ला २०१६ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातल्या खचलेल्या तरुणाला आधी निवारा आणि स्वस्थता मिळते, प्रश्न विचारण्याची कुणी घाई करत नाही. तो चित्रपट पाहून डोळे पुसणारी माणसं दुसऱ्या दिवशी सेटवर जाऊन सहायकाला म्हणतात, 'झोप काय, म्हातारपणी काढ.'

मग करायचं काय? माझी सूचना एका ओळीची आहे. रोज रात्री दुसऱ्या दिवसाची कॉलशीट निघते. त्यात प्रत्येकाच्या नावासमोर त्याचा कॉलटाइम असतो. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना करा : कालच्या पॅकअपची वेळ. सेटवरून निघाल्याची खरी वेळ, कागदावर ठरलेली शिफ्ट नको. दोन्ही वेळा शेजारी शेजारी आल्या की वजाबाकी आपोआप दिसते. दिग्दर्शकाला दिसते, निर्मात्याला दिसते, वाहिनीच्या माणसालाही दिसते. बारा तासांचं अंतर नसेल तर त्या माणसाचा कॉल पुढे ढकला, नाहीतर त्याच्या जागी दुसरा माणूस आणा आणि पहिल्याची रोजी बुडवू नका. पैसे जास्त जातील. जाऊ देत. बजेटमध्ये जनरेटरसाठी तरतूद असते, माणसांसाठीही करा.

एक आठवण करून देते. ही कॉलशीट लिहितो सहायक दिग्दर्शक, आणि बहुधा तोच सर्वांत कमी झोपलेला असतो. त्याचंही नाव त्यात घाला. विसरू नका. कालच्या पॅकअपची वेळ, प्रत्येकाच्या नावासमोर.

कायद्याचा आधार नाही असंही नाही. सिनेकामगारांसाठी १९८१ चा कायदा होता, आणि २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या कामगार सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहितेत दृक्-श्राव्य माध्यमांतल्या कामगाराशी लेखी करार करणं बंधनकारक केलं आहे. तेव्हा करार हातात आल्याशिवाय काम सुरू करू नका, आणि आला की आधी तासांचं कलम वाचा. स्त्रियांचे तर तासांपलीकडचेही प्रश्न आहेत. केरळच्या चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या परिस्थितीबद्दलचा हेमा समितीचा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सेटवर स्वच्छतागृह नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, असं त्यात लिहिलेलं आहे. त्यावर मला सविस्तर बोलायचं होतं, पण समोरून खूण झाली आहे, दोन मिनिटं उरली आहेत.

तर श्रोतेहो, थोडं तुमच्याशी. एखाद्या दिवशी जुना भाग पुन्हा दाखवला की तुम्ही रागावता. रविवारी एक तासाचा महाएपिसोड हवा असतो. तो एक तास कुणीतरी शनिवारच्या झोपेतून काढलेला असतो. घरात कुणी या क्षेत्रात असेल तर 'टीव्हीवर कधी दिसणार?' हे विचारण्याआधी 'काल कितीला सुटलास?' हे विचारा. आणि सुट्टीच्या दिवशी तो दुपारी बारापर्यंत झोपला तर त्याला आळशी म्हणू नका, दार लोटून घ्या.

मनावर फारच ओझं झालं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ हा नंबर लिहून ठेवा. टेली-मानस, सरकारी सेवा आहे, २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. रात्री दोनला पॅकअप झालं तरी तिथे फोन उचलला जातो.

पैशांचं बोलायचं राहिलंच. काम आज, पैसे नव्वद दिवसांनी, ही मालिकांतली रीत. घरभाडं दर महिन्याला द्यायचं आणि आपला चेक तीन महिन्यांनी, म्हणून माणूस दीड शिफ्टला नाही म्हणू शकत नाही, आणि म्हणून त्याची झोप जाते. हे दोन्ही प्रश्न एकमेकांत असे गुंतलेले आहेत की खरं तर पैशांपासूनच सुरुवात करायला हवी होती. तीस दिवसांत पैसे देणारे निर्माते आहेत, त्यांना ते कसं जमतं ते... वेळ संपली. कॉलशीटचा रकाना तेवढा उद्यापासून सुरू करा.