पत्र्याखालची चंदेरी चादर : खर्च करावा की करू नये?

(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



फेब्रुवारी सरत आला की एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. "साहेब, गोठ्याच्या पत्र्याखाली ॲल्युमिनियमची चंदेरी चादर मारली की गायी थंड राहतात म्हणे. मारू का?" पूर्वी मी या प्रश्नाला बेधडक 'हो' म्हणत असे. आता म्हणत नाही. त्याचे कारण आधी सांगतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी गावी आमच्या दादांना हीच चादर बसवायला लावली. पहिला उन्हाळा बरा गेला. पण आमच्याकडे माश्या आणि डासांसाठी गोठ्यात रोज संध्याकाळी गोवऱ्या आणि लिंबाच्या पाल्याचा धूर करतात. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत चादर धुराने काळी पडली, उंदरांनी जागोजागी कुरतडली. दादा मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्या चादरीसाठी त्यांनी दोन शेळ्या विकल्या होत्या, हे मला पुढे वहिनींकडून कळले. शिकलेल्या माणसाचा सल्ला चुकला तर त्याची किंमत ऐकणाऱ्याला मोजावी लागते. म्हणून आज सल्ला कमी देतो आणि हिशेब कसा करावा ते सांगतो.

पत्र्याचा ताप खाली कसा येतो?

उन्हात पत्रा ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. त्याला लागून असलेली हवा तापते, पण तापलेली हवा वरच राहते. मग खाली उभ्या असलेल्या गाईला चटका कशाचा बसतो? तो बसतो पत्र्यातून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांचा. चुलीसमोर बसल्यावर तोंडाला जी धग लागते, तीच ही धग. फक्त येथे चूल डोक्यावर असते.

स्वच्छ ॲल्युमिनियम अशी सुमारे ९५ टक्के धग परतवते आणि स्वतः फार थोडी धग बाहेर टाकते. चादरीचा सारा गुण एवढाच आहे. पण त्याला दोन अटी आहेत. चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा हवी, आणि ती बाजू स्वच्छ हवी. धूळ, धूर किंवा जाळी-जळमटे बसली की चांदीचे काळे होते आणि गुण जातो. म्हणून चकचकीत बाजू खाली ठेवावी. वर ठेवल्यास धूळ तिच्यावरच बसते.

ही पद्धत अमेरिकेतील घरांत रूढ आहे. तेथे उतरत्या छपराखाली बंद पोटमाळा असतो. त्यात धूर नाही, शेण नाही, चिमण्या नाहीत. तरीही तेथील ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार उष्ण व भरपूर उन्हाच्या भागात घर थंड ठेवण्याच्या खर्चात ५ ते १० टक्के बचत होऊ शकते, एवढेच. आपला गोठा तर चारी बाजूंनी उघडा. तेव्हा दुकानात ऐकलेला आकडा जसाच्या तसा आपल्या गोठ्याला लावू नका.

आधी स्वस्त उपाय

चादर पत्र्यात शिरलेली उष्णता खाली अडवते. चुना ऊन वरच परतवतो, पत्रा मुळात कमी तापतो. चुनकळी विझवून, निवल्यावर गाळून, त्यात थोडा सरस किंवा फेविकॉल मिसळून मार्चमध्ये पत्र्यावर दोन हात द्यावेत. नव्या गुळगुळीत पत्र्यावर चुना धरत नाही. तो पत्रा एक पावसाळा खाऊ द्यावा. चुना विझवताना आणि मारताना डोळे सांभाळावेत. पत्र्यावर चढताना वाशांवर आडवी फळी टाकूनच पाय द्यावा आणि काम सकाळी उरकावे. पावसात चुना धुऊन जातो अशी तक्रार असते. जाऊ द्या. थंडीत आपल्याला उन्हाची ऊब हवीच असते.

नवा गोठा बांधणार असाल तर लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, छप्पर उंच घ्या आणि आढ्याला तापलेली हवा निघून जाण्यास फट ठेवा. पश्चिमेला शेवरी किंवा शेवग्याची रांग लावा. मराठवाड्यातील धाब्याच्या घरात पांढऱ्या मातीचा जाड थर दुपारचे ऊन सोसून घेतो, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊकच होते. पत्र्यावर तुराट्या किंवा पाचट अंथरणे ही त्याचीच सोपी आवृत्ती; फक्त आगीची काळजी घ्यावी.

मग मोजमाप

दोन साधे थर्मामीटर आणा. तापाचा नको, दूध तपासायचा चालेल. एका रिकाम्या पत्र्याच्या डब्याला बाहेरून काळा रंग द्या, झाकणाला भोक पाडून एक थर्मामीटर त्यात सोडा. दुसरा पत्र्याची धग थेट लागू नये म्हणून पुठ्ठ्याच्या आडोशाखाली टांगा. दोन्ही गोठ्यात गाईच्या पाठीच्या उंचीवर, ऊन लागणार नाही असे ठेवा. दुपारी २ वाजता पाहा. आडोशाचा थर्मामीटर हवेचा ताप सांगतो. काळा डबा छपराची धगही धरतो. दोन्हींत एक-दोन अंशांचाच फरक असेल तर दोष छपराचा नाही, गरम वाऱ्याचा आहे. त्यावर चादर काही करणार नाही. फरक पाच-सहा अंशांचा असेल तर छप्पर दोषी आहे.

दुसरे माप गाईचे. त्याच वेळी सावलीत शांत उभ्या गाईची भकाळी एका मिनिटात किती वेळा हलते ते मोजा. ६० च्या वर श्वास म्हणजे तिला उन्हाचा ताण आहे. तोंड उघडे, लाळ गळते, जीभ बाहेर, असे दिसले तर हिशेब नंतर करा. आधी अंगावर पाणी टाका, वारा द्या आणि पशुवैद्यकाला बोलवा.

वहीतला हिशेब

आता पैशाकडे येऊ. पुढील आकडे उदाहरणादाखल आहेत. त्यांच्या जागी आपले आकडे घाला.

समजा १० संकरित गायी आणि १,००० चौरस फूट छप्पर आहे. मार्चमध्ये रोज ११० लिटर दूध होते, मेमध्ये ९० झाले. घट २० लिटरची. पैकी ५ लिटर वेताचे दिवस पुढे गेल्यामुळे घटलेच असते. उरले १५ लिटर. चुना आणि चोवीस तास सावलीतले पाणी यांनी त्यातले ८ लिटर वाचले. दर ३२ रुपये आणि कडक उन्हाचे दिवस ७५ धरले, तर १९,२०० रुपये वाचले. खर्च २,५०० रुपये.

आता उरलेल्या ७ लिटरमध्ये गरम वारा आहे, हिरव्या चाऱ्याची टंचाई आहे. चादरीने त्यातले समजा २ लिटर वाचतील. म्हणजे वर्षाला ४,८०० रुपये. जाळी आणि मजुरीसह चादरीला २२,००० रुपये पडले, तर पैसे फिटायला साडेचार वर्षांहून जास्त लागतील. तोवर ती चादर चकचकीत राहील का?

विक्रेता हिशेब वेगळा मांडतो. तो चुना न मारलेला पत्रा धरतो. तेथे चादर एकटीच समजा ७ लिटर वाचवते आणि दोन उन्हाळ्यांत पैसे फिटताना दिसतात. त्यात खोटे काही नाही. पण अडीच हजारांत मिळणारा फायदा त्याने बावीस हजारांच्या खात्यात टाकलेला असतो. दुसऱ्या उपायाचा फायदा नेहमी पहिल्या उपायाने जे उरले त्यावरच मोजावा. आजच्या व्याख्यानातील ही एकच गोष्ट घरी नेलीत तरी पुरे.

चादर कोठे परवडते?

छप्पर इतके ठेंगणे की उंचावता येत नाही, पत्रा इतका जुना की वर माणूस चढवणे धोक्याचे, गोठ्यात धूर होत नाही, आणि काळ्या डब्याचा फरक मोठा आहे, अशा ठिकाणी चादर विचारात घ्यावी. पत्र्याच्या घरात, जेथे दुपारी म्हातारी माणसे आणि लहान मुले बसतात, तेथे तर दुधाच्या हिशेबाने पाहूच नये. माळा किंवा छत असेल आणि चुलीचा धूर वर जात नसेल, तर तेथे चादर गोठ्यापेक्षा जास्त दिवस टिकते. मात्र घरालाही आधी चुना द्यावाच.

तरीही मन होत असेल तर एकदम सारे छप्पर मढवू नका. आम्ही कृषिविद्येची माणसे चाचणी घेताना एक वाफा तसाच ठेवतो. तुम्ही गोठ्याच्या एका टोकाला दोन गायींपुरती चादर लावा. त्यांचे आणि दुसऱ्या टोकाच्या दोन गायींचे दूध व श्वास आठवडाभर लिहा. पुढच्या आठवड्यात गायींची जागा बदला. दोन्ही आठवड्यांत चादरीखालचा आकडा सरस आला तरच पुढचा पैसा घाला.

आता आमच्या दादांच्या गोठ्यावर दर मार्चमध्ये चुना मारला जातो. पत्र्याखाली चादर नाही. धूर मात्र अजून रोज होतो, आणि त्याबद्दल मी काही बोलत नाही.