काउदिल्यो आणि औंधचे राजे



स्पॅनिश भाषेत 'काउदिल्यो' असा एक शब्द आहे.
त्याचे मूळ लॅटिनमधील 'मस्तक' या अर्थाच्या शब्दात आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिका खंडातील स्पेनच्या वसाहती स्वतंत्र झाल्या,
आणि कायदा दुर्बळ, फौज प्रबळ अशा त्या अंदाधुंदीत,
जो सरदार पदरी सशस्त्र अनुयायी बाळगून मुलूख ताब्यात ठेवी,
तो काउदिल्यो म्हणून ओळखला जाई.

नियम नव्हे, व्यक्ती हीच सत्ता.
हा त्या राज्यपद्धतीचा गाभा.

१९३९ साली स्पेनमधील यादवी युद्ध जिंकून जनरल फ्रँको सर्वसत्ताधीश झाले, तेही हेच बिरुद मिरवीत.

त्याच १९३९ सालच्या जानेवारीत, श्रोतेहो, आपल्या औंध संस्थानात नेमके उलटे घडले.

ज्यांच्या शब्दास कोणी आडकाठी करू शकत नव्हते, त्या राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी,
महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने सिद्ध झालेल्या राज्यघटनेस मान्यता देऊन,
संस्थानचा कारभार स्वखुशीने रयतेच्या स्वाधीन केला.

या घटनेचा पाया होता गावोगावच्या निवडलेल्या पंचायती.
औंध आज साताऱ्यात, आटपाडी आणि कुंडल सांगलीत;
तेव्हा ही सारी गावे एकाच संस्थानची.

तिथे व्यक्ती नव्हे, नियम हीच सत्ता ठरली.
माझ्या मते, या त्यागाची थोरवी आपण पुरेशी ओळखलेली नाही.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे त्याच सुमारास भिंतींविना कैद्यांची वसाहतही उभी राहिली,
आणि व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची प्रेरणा तीच.